स्कूबाची सुट्टी आखा, पण परतीच्या विमानापासून

बेटाचा फोटो आवडतो, रजा मिळते त्या तारखा पक्क्या होतात, त्यातल्या त्यात स्वस्त विमानाची तिकिटं काढली जातात, आणि मग कधीतरी आठवण होते की अरे, डायव्हिंगचं बघायचं राहिलंच. बहुतेकांच्या स्कूबा सुट्टीचा क्रम असाच असतो. माझाही पहिल्या वेळी असाच होता. परतीचं विमान पहाटे साडेसहाचं होतं. बेटावर पोचल्यावर कळलं की ज्या जागेसाठी एवढ्या लांब आलो, तिथली बोट आदल्या दिवशी दुपारी जाते आणि मला तिच्यात बसता येणार नाही. सहा दिवसांच्या सुट्टीत डायव्हिंगचे दिवस उरले साडेतीन. चूक पूर्णपणे माझीच. तेव्हापासून मी आखणी उलट्या बाजूने करतो: आधी परतीचं विमान, मग समुद्र, मग माझं शरीर, आणि रिसॉर्ट सगळ्यात शेवटी.

परतीचं विमान आणि कोरडा दिवस

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर तो जमिनीवरच्या तिप्पट होतो, आणि त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तासाभरात नाही, त्याला बरेच तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच ठेवलेला असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दाब असा अचानक उतरला, तर त्याचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही धरू शकतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ज्याला सगळे ‘डॅन’ म्हणतात, त्या संस्थेचा सर्वमान्य नियम असा: एकच साधी डायव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. बेटावर सुट्टीला गेलेला माणूस दुसऱ्याच गटात मोडतो. बरीच डायव्ह सेंटर सरळ २४ तास धरतात, आणि मीही तेच धरतो. हा नियम फक्त विमानाला लागू आहे असं समजू नका. परतीच्या वाटेवर उंच घाट चढून जायचं असेल तर तोही यात येतो.

आता कागद घ्या. सात रात्रींची सुट्टी असेल तर पोचायचा दिवस पाण्याबाहेर धरा, कारण रात्रभर जागून, विमानात कोरडी हवा खाऊन आलेल्या शरीराला थेट बोटीवर नेण्यात अर्थ नाही. निघायच्या आधीचा दिवसही कोरडा. मध्ये उरतात पाच-साडेपाच दिवस. दिवसाला दोन डायव्ह धरल्या तर दहा. यातली एखादी हवामानामुळे आणि एखादी कानामुळे जाणार, हे गृहीतच धरा. आठ चांगल्या डायव्ह पदरात पडल्या तर सुट्टी वसूल. म्हणून चार रात्रींची ‘स्कूबा सुट्टी’ मला पटत नाही. प्रवासातच निम्मा जीव जातो.

तिकीट काढताना दुपारचं किंवा रात्रीचं परतीचं विमान मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या, अर्धा दिवस पाण्यात मिळतो. आणि मालदीवसारख्या ठिकाणी सी-प्लेनने बेटावर जायचं असेल, तर सी-प्लेन फक्त उजेडात उडतं हे लक्षात ठेवा. माले विमानतळावर संध्याकाळी उतरलात तर रात्र तिथेच काढावी लागते.

समुद्राचा हंगाम

उष्ण कटिबंधात पाणी बारा महिने उबदार असतं, म्हणून कधीही गेलं तरी चालतं असा समज आहे. पाणी उबदार असतं हे खरं, पण ते गढूळ आहे की स्वच्छ, बोट निघणार की नाही, आणि जे बघायला जाताय ते तिथे आहे का, हे सगळं वारे ठरवतात.

मालदीवचं उदाहरण घ्या. साधारण जानेवारी ते एप्रिल ईशान्येचे वारे असतात. तेव्हा प्रवाह पूर्वेकडून प्रवाळकड्यांमध्ये शिरतो, पूर्वेच्या बाजूला पाणी काचेसारखं असतं आणि मांटा रे (पंखांसारखे कल्ले पसरून पोहणारे मोठे, चपटे मासे) पश्चिमेच्या बाजूला जमतात, कारण तिकडे प्लवकांनी भरलेलं पाणी बाहेर पडत असतं. नैऋत्येचे वारे सुरू झाले की हे चित्र उलटं होतं. म्हणजे ‘मालदीवला कधी जावं’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या बाजूच्या बेटावर, कशासाठी, हेही विचारायला हवं. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू उपसागरात पावसाळ्यात मांटांचे थवेच्या थवे खायला येतात, पण तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे पृष्ठभागावर नळीने श्वास घेत पोहणं, चालतं. सिलिंडर घेऊन तिथे जायची स्वप्नं पाहणारे मला दरवर्षी भेटतात.

इंडोनेशियात एकाच देशात दोन हंगाम सापडतात: राजा आम्पातला ऑक्टोबर ते एप्रिल चांगला, तर कोमोडोला साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चक्क बंद असतात. अंदमानात स्वराज द्वीपच्या आसपास नोव्हेंबर ते एप्रिल हा भरवशाचा काळ. रिसॉर्ट मात्र बहुतेक ठिकाणी वर्षभर उघडं असतं आणि पावसाळ्यात भरघोस सवलत देतं. सवलत कशाची आहे हे ओळखा.

हंगाम पक्का झाला की तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे खाड्यांमध्ये आणि दोन बेटांमधल्या अरुंद वाटांमध्ये प्रवाह जोरात धावतो. शार्क, मोठे मासे बघायचे असतील तर अनुभवी डायव्हर मुद्दाम याच दिवसांत जातात. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचा भांगाचा काळ निवडावा. पाणी शांत असतं आणि शिकायला सोपं जातं. एवढी साधी गोष्ट, पण तारखा निवडताना कुणी पंचांग उघडत नाही.

प्रमाणपत्र आणि त्याआधीचा फॉर्म

प्रमाणपत्र नसलं तरी पाण्याखाली जाता येतं. इन्स्ट्रक्टरचा हात धरून जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंतची चाखून बघायची डायव्ह जवळपास प्रत्येक रिसॉर्टमध्ये मिळते. एकदा बघायला ठीक आहे. पण सुट्टी स्कूबासाठीच असेल तर ओपन वॉटर कोर्स करा. त्यात १८ मीटरपर्यंत परवानगी मिळते, पुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. पाडी ही संस्था १९६६ पासून, एसएसआय १९७० पासून हे कोर्स घेते. दोन्हींची कार्डं जगभर चालतात, त्यात डोकं घालवू नका. शिकवणारा माणूस कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. कार्ड ४० मीटरचं असलं तरी स्थानिक कायदा वर असतो: मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा आहे.

कोर्समध्ये तीन भाग असतात: थिअरी, स्विमिंग पूलमधला सराव आणि समुद्रातल्या चार डायव्ह. पोहता यायला हवं. न थांबता २०० मीटर, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगत राहणं. माझा आग्रह असा की पहिले दोन भाग निघण्याआधी, राहत्या ठिकाणीच उरका आणि समुद्रातल्या चार डायव्ह तेवढ्या बेटावर करा. याला रेफरल म्हणतात. पहिल्या इन्स्ट्रक्टरकडून सही-शिक्क्याचे कागद घ्यायचे आणि बेटावरच्या सेंटरला आधी कळवायचं. समोर निळा समुद्र असताना खोलीत बसून दाबाची कोष्टकं पाठ करणारे पाहुणे पाहिले की वाईट वाटतं. कार्ड आहे पण वर्षभर पाण्यात उतरला नसाल, तर रिफ्रेशर घ्या आणि तोही शक्यतो आधीच.

आता त्या फॉर्मबद्दल. प्रत्येक डायव्ह सेंटर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुसाबाहेर हवा साठून ते मिटल्याचा पूर्वेतिहास असे प्रश्न असतात. महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. बेटावर डॉक्टर असेलच असं नाही आणि असला तरी अनोळखी माणसाला तो सही देईलच असं नाही. मग लोक काय करतात? सगळीकडे ‘नाही’ लिहितात. पाण्याखाली दम्याचा झटका आला तर तिथे खिडकी उघडायची सोय नसते. फॉर्म इंटरनेटवर मिळतो. महिनाभर आधी उतरवून घ्या, खरा भरा, गरज असेल तर सही घेऊन ठेवा. गरोदरपणी स्कूबा नाही, यावर चर्चा नाही.

कान

सुट्टीतल्या सगळ्यात जास्त डायव्ह कशामुळे बुडतात असं विचारलं तर मी शार्क, वादळ, बिघडलेली बोट यातलं काहीच सांगणार नाही. कान आणि सर्दी.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. पृष्ठभागापासून १० मीटरवर गेलं की दाब दुप्पट आणि त्या हवेचं आकारमान निम्मं. एवढा मोठा फरक पुढे कुठेच नाही. २० वरून ३० मीटरला जाताना होणारा बदल त्यामानाने किरकोळ. म्हणून कान दुखतात ते पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, ‘टक’ असा आवाज येतो, दाब सारखा होतो. चूक अशी होते की लोक दुखायला लागल्यावर हे करतात. तोवर कानाला घशाशी जोडणारी नळी दाबाने बंद झालेली असते आणि मग जोर लावला तर पडद्याला इजा होते. पाण्यात डोकं घालायच्या आधी एकदा, मग दर मीटरला, दुखायच्या आधी. दुखलंच तर थांबा, मीटरभर वर या, पुन्हा करा. पाय खाली, डोकं वर ठेवून दोर धरून उतरलं तर सोपं जातं. घरी दिवसातून दहा-वीस वेळा हलक्या हाताने सराव करा, विमान खाली उतरत असतानाही करून बघा.

सर्दी असेल तर डायव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे असतात. गोळीचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर येणं तर टाळता येत नाही. मी एका सहलीत पहिल्याच दिवशी एसी १८ वर ठेवून झोपलो, सकाळी नाक बंद, दोन दिवस धक्क्यावर बसून इतरांना ओले होताना पाहिलं. तेव्हापासून खोलीतला एसी आणि मी यांच्यात करार आहे.

आता रिसॉर्ट

जाहिरातीतल्या त्या फिकट हिरव्या-निळ्या पाण्याच्या फोटोला भुलू नका. तो रंग म्हणजे उथळ पाण्याखालची पांढरी वाळू. तिथे पोहायला मजा येते, बघायला फारसं काही नसतं. प्रवाळ असतात ते जिथे फिकट रंग संपून एकदम गडद निळा सुरू होतो त्या रेषेवर. उपग्रह नकाशा उघडा, बेटावर झूम करा, आणि खोल्यांपासून ती गडद रेषा किती लांब आहे ते मोजा. पन्नास-शंभर मीटरवर असेल तर त्या बेटाला चांगला हाउस रीफ असण्याची शक्यता आहे, म्हणजे बोटीची वाट न बघता किनाऱ्यावरून चालत जाऊन डायव्ह करता येते, संध्याकाळी स्नॉर्केल करता येतं, आणि सोबत न डायव्ह करणारं माणूस असेल तर त्याचाही दिवस जातो. रेषा एक किलोमीटरवर असेल तर प्रत्येक वेळी बोट.

मग डायव्ह सेंटरला (रिसॉर्टच्या बुकिंगवाल्यांना नव्हे) मेल लिहा. एका गाइडमागे किती डायव्हर असतात? चार चांगले, सहा चालतील, त्यापुढे मी दुसरं सेंटर बघतो. बोटीवर ऑक्सिजन असतो का? जवळचा रीकम्प्रेशन चेंबर (डीकम्प्रेशन सिकनेसवर पुन्हा दाब देऊन उपचार करायची खोली) कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? नवशिक्यांची आणि अनुभवींची बोट वेगळी असते का? डायव्हिंगच्या जागा किती लांब आहेत? पॅकेजच्या रकमेत भाड्याचं सामान, बोटीचं भाडं, सागरी उद्यानाचं शुल्क, कर हे धरलंय का? दोघांनी सारखीच दिसणारी रक्कम सांगितली आणि एकात बोट वेगळी निघाली, की दहा डायव्हमध्ये फरक चांगलाच वाढतो. न केलेल्या डायव्हचे पैसे परत मिळतात का, हेही विचाराच, कान आठवा.

उत्तर कसं येतं त्यावरून खूप कळतं. तुमच्या चेंबरच्या प्रश्नाला जागेचं नाव आणि बोटीचे तास सांगणारं उत्तर आलं तर ते लोक त्या गोष्टीचा विचार करून बसलेत. ‘काळजी करू नका, आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे’ असं आलं, तर काळजी करा.

बोटीवरच राहायचा, लिव्ह-अबोर्डचा पर्याय असतो. दिवसाला तीन-चार डायव्ह, लांबच्या जागा. पंचवीस-तीस डायव्ह गाठीशी असल्याशिवाय मी तो सुचवत नाही.

सामान आणि विमा

सगळं सामान भाड्याने मिळतं. तरी मास्क मात्र स्वतःचाच हवा. दुकानात मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत घ्या, हात सोडा. टिकला तर तो तुमचा. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं. मी वरच्या ओठालगतची दोन-तीन मिलिमीटरची कड नाकाखाली साफ करतो, मिशी राहते आणि मास्कही राहतो. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे ती सारखी धुरकट होते. आतून पांढरी टूथपेस्ट बोटाने दोन-तीन वेळा चोळून धुवा. नंतर प्रत्येक डायव्हला थुंकी पुरते. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. बऱ्याच सेंटरकडेही असतात, आधी नंबर कळवा.

दुसरी वस्तू डायव्ह कॉम्प्युटर. खोली, वेळ, अजून किती थांबता येईल, विमानात कधी बसता येईल, सगळं मनगटावर दिसतं. तो दोघांत एक चालत नाही, कारण दोघं कधीच नेमक्या एकाच खोलीवर नसतात. २७ ते २९ अंशांच्या पाण्यात बहुतेकांना तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगता येतं ते जॅकेट) पहिल्या दोन-तीन सहलींना विकत घेऊ नका. सी-प्लेनवर वजनाची मर्यादा कडक असते. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवा.

विमा काढताना नेहमीच्या प्रवास विम्यात खोलीची मर्यादा असते का आणि स्कूबा मुळात धरलाय का हे बारीक अक्षरात बघा. चेंबरमधले उपचार आणि बेटावरून तातडीने हलवणं, हे दोन शब्द पॉलिसीत दिसायला हवेत. डॅनसारख्या संस्था खास डायव्हरचा विमा देतात.

बेटावर

पहिली डायव्ह चेक डायव्ह असते. आळस करू नका. वजनाचा पट्टा इथेच नीट बसवून घ्या. सामान घालून, छातीत श्वास भरून, बीसीडीतली हवा काढली की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडला की बुडायला हवं. सिलिंडरमधली हवा संपत जाते तशी तो दोन किलोंच्या आसपास हलका होतो, म्हणून डायव्हच्या शेवटी वर खेचलं जातं. तेवढं आधीच धरायचं. जादा शिसं लावून उतरणारा माणूस सतत बीसीडीत हवा भरत, पाय मारत जातो, हवा लवकर संपवतो आणि प्रवाळांवर आदळतो. फांद्यांसारखे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, दगडासारखे गोल त्याहून कितीतरी हळू. पायातल्या फिनचा एक फटका पुरतो.

खोल डायव्ह सकाळी, उथळ दुपारी. सिलिंडरमध्ये ५० बार दाब उरलेला असताना पाण्याबाहेर असा हिशेब ठेवा. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. दिवसभर पाणी प्या. दारू दिवसाची शेवटची डायव्ह झाल्यावर आणि तीही बेताने. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच घ्या, बोटीवर चढल्यावर घेतलेली बहुतेक वेळा मासेच खातात. कॅमेरा पहिल्या वीस डायव्हपर्यंत खोलीतच राहू द्या. त्याऐवजी लहान टॉर्च न्या. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विझतो, १५ मीटरवर सगळं निळसर-करडं दिसतं. त्या करड्या कपारीवर टॉर्च मारली की आतून शेंदरी, किरमिजी रंग उसळून येतात आणि मग कळतं की हे सगळं इथेच होतं.

उन्हासाठी लांब बाह्यांचा रॅश गार्ड घाला. प्रवाळांना घातक घटक असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने २०२० पासून बंदीच घातली आहे. इतर बेटांवरही नियम येत आहेत, ट्यूब घेताना मागचं वाचा.

कोरड्या दिवशी पृष्ठभागावर स्नॉर्केलिंग करता येतं, खोल बुड्या मात्र मारू नका. रेग्युलेटर स्वतःचा असेल तर धुताना आधी सिलिंडरला जोडायच्या टोकावरची टोपी घट्ट लावा आणि बुडवलेला असताना पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत जातं. वेटसूट गोड्या पाण्यात बुचकळून, उलटा करून, जाड हँगरवर सावलीत टांगा. ओला सूट बॅगेत भरला तर सी-प्लेनच्या काट्यावर दोन किलो जास्त भरतात आणि घरी पोचेपर्यंत कुबट वास सुटतो. विमानाआधीच्या चोवीस तासांत त्याच्या बाह्याही वाळतात.